शेडवरचा रक्तदाता

प्लेटमधल्या एका खळग्यातलं पाणी पिवळं झालं. मी टेस्ट पुन्हा लावली. पुन्हा पिवळं.

सांगलीच्या एका ब्लड बँकेत मी टेक्निशियन आहे, आणि काउन्सेलरची जागा रिकामी असल्यामुळे काउन्सेलरही मीच. पेशंटला देण्याआधी रक्ताची प्रत्येक पिशवी आम्ही तपासतो. त्यातली एक तपासणी हिपॅटायटिस बीची, म्हणजे 'ब' काविळीची. ती रिअॅक्टिव्ह आली, म्हणजे खळग्यात असा पिवळा रंग उमटला, की पिशवी नष्ट करायची. ते सोपं असतं. अवघड असतं दात्याला सांगणं, तेही एकट्याला, समोर बसवून.

पिशवी तासगावजवळच्या एका गावातल्या शिबिराची. फॉर्मवरच्या नंबरवर फोन लावला, तर उचलला शिबिर भरवणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांनी. गडी सगळ्यांच्या फॉर्मवर स्वतःचाच नंबर टाकून मोकळा!

"काय काम हाय ते मला सांगा की. निरोप देतो."

याला सांगणं म्हणजे गावात दवंडी पिटणं. "काही नाही, प्रमाणपत्र न्यायला पाठवा," मी ठोकून दिलं. स्वतःच्या हुशारीवर खूशही झाले.

तिसऱ्या दिवशी ते दाते आले. निवृत्त हवालदार. कडक इस्त्रीचा शर्ट, डोक्याला फेटा.

"अध्यक्ष म्हनले, सत्कार हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या फेट्याकडे न बघता मी रिपोर्ट सांगितला. घाबरू नका, मोठ्या डॉक्टरांना लिव्हर दाखवा, ही चिठ्ठी. सगळं नियमाप्रमाणे, दहा मिनिटांत.

"मग परत कवा देता येईल?"

"कधीच नाही."

त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. जाताना तो हातातच होता.

दुपारी डबा खाताना हे कुणाला तरी सांगावं असं फार वाटलं. पण आमच्या कामात दात्याची गोष्ट ओठांवर आणायची नसते. एकटीच जेवले.

सहा महिन्यांनी ते पुन्हा आले. अंगावरचा शर्ट सैल झाला होता.

"मॅडम, अध्यक्षानं परत शिबिराच्या यादीत नाव घातलंय. काय सांगू?"

"बीपीची गोळी सुरू झाली म्हणा. पण तुम्ही एवढे का खंगलात? जेवण होतं ना नीट?"

"हातानं करतो. बेदाना वाळवायच्या शेडवर ऱ्हातो."

"आणि घर?"

"घरात तीन वर्सांची नात हाय. माझ्याच ताटात जेवायची. तिला लागलं म्हंजे? घरी सांगितलंय, राखन करतो म्हनून."

बेदाण्याचा हंगाम कधीच संपला होता. हा माणूस रिकाम्या शेडची राखण करत होता.

"अहो, एका ताटात जेवून हे लागत नाही! रक्तातून लागतं. तुमचं ब्लेड, ब्रश कुणी वापरू नये, बस्स."

त्यांना खरं वाटेना. मग त्यांनाच सुनेला फोन करून नातीच्या लसीकरणाच्या कार्डाचा फोटो मागवायला लावला. आला. हिपॅटायटिस बीचे सगळे डोस झालेले, पहिला तर जन्मली त्याच दिवशी.

त्यांनी फोनवर बोट ठेवून एकेक तारीख वाचली. मग हळूच म्हणाले, "तवाच इचारलं असतं तुमी, घरी कोन हाय म्हनून, तर..."

मी घरातल्यांच्या तपासणीची चिठ्ठी लिहायला घेतली.

पुढे ते मुलाला आणि सुनेला घेऊन आले. दोघांची तपासणी केली, लस दिली. हवालदार घरी राहायला गेले.

आता रिपोर्ट हातात घेण्याआधी मी प्रत्येकाला विचारते, घरी कोण कोण असतं? आमच्या फॉर्मवर हा रकाना नाही.