समन्साच्या आधी एक फोन

"राहिलेली फी टाका, लगेच सही करतो," वकीलसाहेब म्हणाले आणि पेनाला टोपण लावून बसले.

मला दुसरा वकील लावायचा होता. त्याच्या वकीलपत्रावर जुन्या वकिलाची ना-हरकत सही लागते. तीच यांनी अडवून धरली होती.

"कशाची फी? सांगितलं एक अन् केलं भलतंच!" माझा आवाज चढला. बाहेर बाकड्यावर बसलेली माणसं आत डोकावायला लागली. डोकावू देत.

सांगितलं काय होतं? दावा माझा चुलतभावावर, तो शेताची वाटणी करून देईना म्हणून. पण वडलांची वारस म्हणून वैजापूरच्या आक्काचं नावही प्रतिवादींत घालावंच लागतं, असं साहेब म्हणाले. घाला म्हणलं. फक्त समन्स निघायच्या आधी मला एक फोन करा, मी स्वतः जाऊन तिला समजावून सांगतो. "व्हय व्हय, काळजीच करू नका," म्हणाले. अन् फोन काही केला नाही. भाचीला बघायला पाहुणे आलेले, हातात पोह्यांच्या बशा, अन् दारात कोर्टाचा बेलीफ! सगळ्यांसमोर आक्कानं सख्ख्या भावाच्या दाव्याचा कागद सही करून घेतला. पाहुणे परत फिरकले नाहीत. तेव्हापासून ती माझा फोन उचलत नाही. आई गेल्यावर जिनं मला न्हाऊमाखू घातलं, ती आक्का!

"अहो, फोन राहून गेला. त्याचं एवढं काय?" साहेब म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "राहून गेला? माझी बहीण तुटली इथं!"

"बरं, निम्मी द्या. मिटवून टाकू."

"पुरी देतो. आत्ता देतो. पण आक्काला फोन लावा अन् चूक तुमची होती म्हणून सांगा."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, मग बाहेरच्या बाकड्याकडं. मी नंबर सांगितला. त्यांनी स्पीकर चालू केला. ती त्यांचा अनोळखी नंबर उचलेल का नाही, हीच धास्ती. तिनं उचलला. साहेब कसंबसं बोलले, की बाई, तुमच्या भावाचा काही दोष नाही, त्यांनी बजावून सांगितलं होतं, चूक माझीच आहे.

आक्कानं सगळं ऐकून घेतलं.

"झालं का बोलून?" ती म्हणाली. "आता मीबी वकील लावलाय. तुमच्या अशिलाला सांगा, काय म्हणणं असंल ते माझ्या वकिलाशीच बोलायचं."