देवरावभाऊंच्या घरचं कनेक्शन

मोहर्लीच्या अलीकडच्या एका गावात मी शाळेच्या भिंतीवर भोंग्याचा डबा बसवत होते, तेव्हा वहिनींचा, म्हणजे देवरावभाऊंच्या बायकोचा, फोन आला. "कुठी हायेस?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, शिडीवर. त्या म्हणाल्या, "आधी खाली उतर. दोनी पाय जमिनीवर ठेव अन् मंग मले सांग." मी उतरले, तसं सांगितलं, आणि मग त्यांनी सांगितलं की सकाळी चहा पिता पिता देवरावभाऊ गेले. छातीत कळ आली, कप नीट खाली ठेवला, आणि गेले. याला आता पाच आठवडे झाले. स्वतःवर एवढं कोसळलेलं असताना त्या बाईला माझ्या शिडीची काळजी होती. मला त्याचं नवल वाटलं नाही, कारण त्या घरात नऊ वर्षं मी हेच पाहत आले.

मी पोंभुर्ण्याकडची. आईवडील धान पिकवतात, घरात पदवी घेतलेली पहिली मीच. चंद्रपूरला बसस्थानकामागे दोन खोल्यांत भाऊंचं सॉफ्टवेअरचं ऑफिस होतं. तिथे मुलाखतीला गेले तेव्हा इंग्रजीत काय काय बोलायचं ते पाठ करून गेले होते. भाऊंनी माझा कागद पाहिला आणि म्हणाले, "पोंभुर्ण्याची का? मंग तलावातल्या मासोळ्यांची नावं सांग." मरळ, शिंगाळा, झिंगे... मी घाबरत घाबरत सांगितलं. "शिंगाळ्याचा काटा लागला हाय का कधी?" लागला आहे म्हटलं. "तरी पुन्हा पाण्यात गेली ना? बस. उद्यापासून ये." भाऊ स्वतः ढिवराच्या घरचे. लहानपण तलावात जाळं ओढण्यात गेलं, तरुणपण टेलिफोन खात्यात, आणि पन्नाशीच्या आसपास नोकरी सोडून त्यांनी प्रोग्रॅमिंग शिकून घेतलं, पुस्तक पुढ्यात ठेवून, एकट्याने. ते मला कधीच 'मॅडम' म्हणाले नाहीत आणि कधीच 'तुला जमणार नाही' असंही म्हणाले नाहीत.

आमचं काम सांगायला सोपं आहे. जंगलालगतच्या गावांत आमचे डबे असतात, प्रत्येकात एक भोंगा. जंगलात राखणीसाठी फिरणाऱ्या माणसाला वाघ गावाच्या बाजूला येताना दिसला की तो मोबाइलवर बटण दाबतो. तो निरोप आमच्या सर्व्हरवर येतो आणि तिथून त्या त्या गावच्या डब्याला जातो. मध्ये निरोप घेऊन ज्याचा त्याला पोचवणारा एक प्रोग्रॅम बसलेला असतो, त्याला ब्रोकर म्हणतात. प्रत्येक डबा या ब्रोकरशी कनेक्शन जोडून ऐकत राहतो. जोडलेला असला तर हिरवा दिवा, निरोप आला तर लाल दिवा आणि भोंगा. यातला एक डबा भाऊंनी स्वतःच्या स्वयंपाकघरात, माठाच्या वरच्या फळीवर ठेवला होता; मोहर्लीकडच्या गावांना जाणारा निरोप त्यालाही जाई. शेजारी दचकू नयेत म्हणून त्याच्या भोंग्यात आपला खांद्यावरचा जुना दुपट्टा कोंबला होता. आमच्या यादीत त्या कनेक्शनचं नाव 'घर'. भाऊ गेल्यापासून एक काम माझ्याकडून होत नव्हतं, ते म्हणजे हे 'घर' बंद करणं. ऐकणारं कोणी उरलं नसेल तर कनेक्शन उघडं ठेवायचं नाही, हा त्यांचाच नियम होता. आणि तो नियम मी ज्या दिवशी शिकले तो दिवस मी विसरू शकत नाही.

सर्व्हरचा तो भाग मी लिहिला होता. निरोप आला की ब्रोकरशी नवीन कनेक्शन उघडायचं, निरोप द्यायचा, झालं. ते कनेक्शन बंद करायला मी विसरले. ऑफिसात दोन डब्यांवर पाहिलं तेव्हा सगळं छान चाललं. मग मोहफुलांचे दिवस आले. पहाटेपासून बाया फुलं वेचायला जंगलात, म्हणून फिरणाऱ्यांचे निरोपही खूप. माझी उघडी कनेक्शनं साचत गेली आणि सर्व्हरसाठी राखलेल्या दोन-चार जागा सोडल्या तर ब्रोकरमध्ये जागाच उरली नाही. त्याच सुमारास वादळाने एका गावाची वीज गेली. वीज परत आली तेव्हा तिथला डबा ब्रोकरकडे जोडायला गेला, पण त्याला आत घेतलं गेलं नाही. सकाळी वाघ तिकडे वळला, माणसाने बटण दाबलं, शेजारच्या गावात भोंगा वाजला... या गावात नाही. बायांना वाघ समोरच दिसला. आरडाओरडा करत सगळ्या गावाकडे पळाल्या. वाघ निघून गेला, पण पळताना कमलाबाई नावाच्या बाई पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं.

मला वाटलं, आता भाऊ मला काढणार. त्यांनी मोटारसायकल काढली. "बस मागं. त्या गावाले जाऊ." मी विचारलं, तुम्ही काय सांगणार त्यांना? "मी काऊन सांगू? कोड कोणं लिहिला?"

चिंचेखाली सात-आठ बाया बसल्या होत्या, कमलाबाईंचा हात गळ्यात बांधलेला. भाऊ बाजूला जाऊन उभे राहिले आणि मी सांगितलं, चूक डब्याची नाही, माझी आहे. मी दर वेळी नवीन दार उघडत गेले आणि लावलंच नाही, म्हणून तुमच्या डब्याला आत जाता आलं नाही.

"म्हंजे तू दार उघडलं, अन् तशीच निंगून गेली?" कमलाबाईंनी विचारलं.

"हो."

"माय वं! इतकी शिकली, अन् दार लावाचं घरी कोणं शिकवलं नाई?"

सगळ्या हसल्या. मला रडू आलं. तशा त्या म्हणाल्या, "रडून नको राहू. माया हात जुळते. पण डबा काढून नको नेऊ. आतापासून लावशीन ना दार?" मी मान हलवली. परत येताना भाऊ एवढंच बोलले, "आता तू कनेक्शन इसरणार नाई. त्याहीच्या तोंडानं ऐकलं ना!"

ऑफिसात आल्यावर त्यांनी मला शेजारी बसवून तो भाग पुन्हा लिहायला लावला. सर्व्हर सुरू होताना एकदाच कनेक्शन जोडायचं, तेच जपायचं, सगळे निरोप त्याच्यावरूनच पाठवायचे, आणि सर्व्हर थांबवताना ते आठवणीने बंद करायचं. मी विचारलं, तुटलं तर? "पुन्हा जोडाचं. पण लगेच नाई." आणि त्यांनी तलावाची गोष्ट सांगितली. उन्हाळ्यात पाणी आटलं की मासे धरायला अख्खं गाव काठावर जमायचं. सगळे एकदम उतरले तर गाळ वर येतो आणि कोणालाच मासा दिसत नाही. म्हणून त्यांचे वडील काठावर उभे राहून एकेकाला थांबून थांबून पाण्यात सोडत. वीज आल्यावर सगळ्या गावांचे डबे एकदम ब्रोकरवर तुटून पडू नयेत म्हणून आम्ही प्रत्येक डब्याला वेगवेगळा वेळ थांबायला लावलं. आत घेतलं नाही तर आणखी थोडं जास्त थांबायचं. कोडमध्ये त्या ओळींच्या वर भाऊंनी टीप लिहिली, 'गाळ वर येऊ देऊ नये.' ती अजून तिथेच आहे.

यादीचा नियमही त्याच आठवड्यातला. प्रत्येक कनेक्शनपुढे तिथे ऐकणाऱ्या माणसाचं नाव लिहायचं, आणि कोणतंही बंद करण्याआधी त्या माणसाला विचारायचं. मी म्हटलं, भाऊ, बरेच दिवस निरोप गेला नाही तर तिथे ऐकणारं कोणी नाही असं आपण समजूच शकतो ना? तेव्हा त्यांनी सांगितलं की टेलिफोन खात्यात नवीन होते तेव्हा ते बोर्डावर बसून हाताने लाइनी जोडत. एकदा एका लाइनीवर बराच वेळ कोणी बोलेना. बोलणं संपलं असं समजून त्यांनी वायर काढून घेतली. दुसऱ्या दिवशी एक म्हातारी ऑफिसात आली. दूर कामाला गेलेल्या तिच्या मुलाची बायको वारली होती. त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता आणि ही नुसता त्याचा श्वास ऐकत होती. "तिनं भांडण नाई केलं," भाऊ म्हणाले. "फक्त इचारलं, बापू, काऊन तोडलं?"

गेल्या रविवारी मी वहिनींकडे गेले. यादीत 'घर' याच्यापुढे नाव होतं 'देवराव', आणि ऑफिसातल्या खुर्चीत बसून ते खोडायचं धाडस मला होत नव्हतं. फळीवर डबा होता, दिवा हिरवा. मी म्हटलं, "वहिनी, भाऊंच्या नियमानं हे कनेक्शन आता बंद करावं लागते. तुम्ही म्हणाल तर डबा घेऊन जाते."

वहिनी भाजी निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं. "काऊन बंद करतेस? मंग माया बहिणीले कोण सांगन?"

मला काही कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांच्या बहिणीचं गाव मोहर्लीकडे, पण वावर गावापासून दूर. गावातला भोंगा तिथे ऐकू जात नाही. म्हणून लाल दिवा लागला आणि दुपट्ट्यातून डबा घुमला की वहिनी बहिणीला फोन करतात. इतकी वर्षं करत आल्या आहेत. "तुये भाऊ दिवसभर ऑफिसात. घरी ऐकून कोण राह्यलं होतं मंग? मीच ना! यादीत नाव मातर सोताचं लावलं बुढ्यानं," असं म्हणून त्या हसल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांकडे गेला.

मी मोबाइलवर यादी उघडली. 'देवराव' खोडताना हात थांबला नाही. तिथे मी 'शकुनवहिनी' लिहिलं आणि त्यांना दाखवलं. त्यांनी ते एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. मग उठल्या, फळीवरून डबा खाली घेतला आणि भोंग्यातला धुळकट दुपट्टा ओढून काढला. दोरीवर भाऊंचा रोजचा, चौकडीचा दुपट्टा वाळत होता. तो घडी करून त्यांनी भोंग्यात नीट बसवला आणि दिवा आपल्याकडे येईल असा डबा पुन्हा माठाच्या वर ठेवला.

"वाजू दे आता," त्या म्हणाल्या. "मी हाओ घरीच."