युकुलेलेवरची भैरवी

"काका, छान वाजवताय. पण ही भैरवी नाही."

आगाशे काकांनी युकुलेले मांडीवर ठेवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "सूर सगळे बरोबर आहेत. ट्यूनरवर तपासून घ्या."

काका एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये होते. रिटायर झाले, सवय नाही गेली. मी वाघोलीत गिटार आणि युकुलेले शिकवते. युकुलेले म्हणजे चार नायलॉनच्या तारांचं, गिटारचं धाकटं भावंड. ते शिकायला माझ्याकडे बहुतेक मुलंच येतात. काका आले ते नातवाने टाकून दिलेलं वाद्य घेऊन, आणि आल्या आल्या म्हणाले, "मला फक्त भैरवी शिकवा. दिवाळीपर्यंत."

कारण घरचं होतं. त्यांच्या सोसायटीत दरवर्षी दिवाळी पहाट होते. मैफल भैरवीने संपवायची ही आपली रीत, आणि ती भैरवी दरवर्षी काकू गायच्या. यंदा काकूंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. बोलणं परत आलं, घोगरं का होईना. गाणं गेलं ते गेलंच. तेव्हापासून त्यांनी घरात रेडिओसुद्धा लावू दिला नव्हता. दिवाळी पहाटेला येणार नाही म्हणाल्या. काकांनी फारच गळ घातली तेव्हा त्यांनी एक अट घातली.

"ती म्हणाली, तुम्ही वाजवा, मी पुढे बसते. पण भैरवी ओळखू आली नाही तर तिथल्या तिथे उठून घरी जाईन. तुमची कीव करत बसणार नाही."

"आणि उठल्या तर?"

"तर मग ती गाण्याच्या वाटेला परत जायची नाही. मी ओळखतो ना तिला."

मला काकू न भेटताच आवडल्या.

आता अडचण काय होती ते सांगते. पाश्चात्त्य संगीतात फ्रिजियन नावाचा मोड आहे, त्याचे सूर आपल्या भैरवीचेच, हे काकांनी मोबाइलवर शोधून काढलं होतं. ते खरंही आहे. मोड म्हणजे तेच सात सूर, फक्त सा दुसरा. C ला सा मानलं तर साधा मेजर स्केल, शाळेच्या प्रार्थनेसारखा. तेच सूर ठेवून E ला सा मानलं की रे, ग, ध, नी कोमल होतात आणि सगळा रंगच बदलतो. झालं फ्रिजियन. युकुलेलेवर ते सोयीचंही आहे, कारण त्याची एक मोकळी तार E चीच असते.

पण नुसतं E पासून सुरू करून भागत नाही. काका सुरू E वर करायचे आणि थांबायचे C वर. बोटं वळावीत म्हणून मीच त्यांना दोन-चार बालगीतं C मध्ये शिकवली होती, त्यामुळे बोट आपसूक तिकडे जायचं. आपण जिथे थांबतो त्यालाच कान सा समजतो. म्हणजे काका भैरवी वाजवायचे आणि ऐकू यायचं बालगीत.

"ट्यूनरला सूर कळतो काका, सा कळत नाही," मी म्हटलं आणि फोनवर तानपुरा लावला, E वर. "आजपासून याच्याशिवाय वाजवायचं नाही, घरी आतल्या खोलीत दार लावून वाजवता तेव्हाही. आणि C वर थांबायला बंदी."

पहिला तास त्यांच्याकडून फक्त मोकळी तार वाजवून घेतली.

"फी पूर्ण घेता आणि तार एकच शिकवता," काका म्हणाले.

"महत्त्वाची तीच आहे."

पुढची अडचण वाद्याची. युकुलेलेचा सूर टुणकन वाजतो आणि लगेच विरतो. ती पोकळी भरायला काका भराभर वाजवायचे. मी त्यांचे निम्मे सूर काढून टाकले. उरलेल्यांत बोट न उचलता एका फ्रेटवरून, म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्टीवरून, दुसऱ्या फ्रेटवर घसरवत न्यायला लावलं. कारखान्यातल्या माणसाला ते मुळीच पटेना.

"मधे माप चुकतंय."

"चुकू दे. पोचताना चुकू नका."

मग एका संध्याकाळी ते वरच्या कोमल रे वरून सा वर घसरत आले आणि तिथेच थांबले. माझ्या अंगावर काटा आला. मी तसं सांगितलंही.

"पास?"

"माझ्याकडून पास. फायनल इन्स्पेक्शन काकूंचं."

दिवाळीच्या तोंडावर कार्यक्रमाचा क्रम कळला. काकांचा नंबर तिसरा. मी सेक्रेटरींना फोन केला.

"अहो, काका भैरवी वाजवणार आहेत. ती शेवटी असते."

"मॅडम, युकुलेले मुलांचं वाद्य. मुलांच्या आयटममध्ये घेतलंय. शेवटी आमचा डान्स आहे."

"बघा हं. मी सांगायचं काम केलं."

त्या पहाटे मीही ऐकायला गेले. चांगलाच गारठा होता. मुलांचे दोन आयटम झाले. काका स्टेजवर बसले, तानपुरा लावला, आणि मान खाली घालून सुरू केलं. कोमल रे लागला आणि मागच्या रांगेत चपला शोधायची हालचाल झाली. कोमल धैवतावर शालींच्या घड्या सुरू झाल्या. काका शेवटच्या सा वर आले, थांबले आणि मान वर केली, तर लोक शाली खांद्यावर टाकून उभे, काही तर फराळाच्या टेबलापर्यंत पोचलेले.

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. लोक कंटाळून उठले असंच त्यांना वाटलं.

सेक्रेटरी माइककडे धावले. "अहो, बसा, बसा, कार्यक्रम बाकी आहे."

"भैरवी झाली ना?" एक आजोबा कानटोपी सारखी करत म्हणाले. "मग आता काय बाकी?"

मी काकांना पहिल्या रांगेकडे खूण केली. सगळ्या मांडवात एकच बाई खुर्चीवर होती. काकू. डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून, स्वस्थ बसलेल्या.

काका खाली उतरून त्यांच्याजवळ गेले. "ओळखू आली?"

काकूंनी डोळे पुसले. "मला काय विचारताय? सगळी सोसायटी फराळाला गेली." मग त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "उद्यापासून तो तानपुरा हॉलमध्ये लावत जा. आतल्या खोलीतून मला नीट ऐकू येत नाही."

डान्स रिकाम्या खुर्च्यांपुढे झाला. सेक्रेटरी माझ्याशी अजून बोलत नाहीत. मी मात्र तेव्हापासून मोड शिकवताना आधीच बजावते: सा सोडू नका, आणि भैरवी वाजवणार असाल तर कार्यक्रमात आपला नंबर कितवा, तेवढं विचारून घ्या.