गगनधीरची टाच

दमयंती मांडवकरच्या हातात ब्रश असला की तिच्यापुढे डोळ्यांवाचून काही टिकत नाही. पूर्णगडाच्या अलीकडे आमची वाडी, आणि वाडीत तिचे सासरे बाबाजी यांची गणपतीची शाळा. मूर्ती बाबाजी घडवतात, डोळे दमयंती आखते. चतुर्थीच्या आधी लोक मूर्ती बघायला येतात ते खरं तर डोळेच बघायला. पण तेवढ्यावर बाईचं भागत नाही. शेतातल्या बुजगावण्याला तिने असे डोळे काढून दिले, की वानर राहिले बाजूला, तिन्हीसांजेला माणसंच त्या बांधावरून जाईनात. उन्हाने विटलेल्या कॅलेंडरवरच्या लक्ष्मीला तिने नवी नजर दिली. आम्ही थट्टा करतो, "वयनीसमोर डोळे मिटून बसू नका रे, वरनं काढील." ती चिडते. राग नाकाच्या शेंड्यावर, पण मनाने निर्मळ. म्हणूनच यंदा जे झालं त्यात तिची अशी दशा झाली. एखादा निगरगट्ट असता तर जेवून वामकुक्षी घेतली असती त्याने.

आधी शाळेचा एक रिवाज सांगायला हवा. आमच्याकडे गणपती सांगायचा म्हणजे घरचा पाट शाळेत नेऊन ठेवायचा. मूर्ती त्याच पाटावर उभी राहते. काम चालू असताना कधी मूर्तीच्या बोटाचा टवका उडतो, कधी कानाला चीर जाते. असं झालं तर ज्याची मूर्ती त्याला कळवायचं नाही. मुकाट्याने भरायचं, रंग लावायचा आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. आपला गणपती कुठे दुखावला होता हे कुणाला कशाला कळावं? बाबाजींनी हे सुनेला पहिल्या वर्षीच शिकवलं, आणि तिने ते हाडात मुरवलं.

श्रावणात एका दुपारी सुहास गोताड शाळेत आला. पावस गावात एका पतसंस्थेत कारकून आहे, घरी तो आणि त्याची म्हातारी आई सुंदराबाई. काचबिंदूने तिची दृष्टी गेली त्याला बरीच वर्षं झाली. थोरला भाऊ रघू मुंबईला. सुहासने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक खेळणं काढलं आणि दमयंतीच्या पुढ्यात ठेवलं. वीतभर उंचीचा बाहुला, निळं चिलखत, छातीवर रुपेरी गरुड. गगनधीर!

आमच्या पिढीला वेगळं सांगायला नको. वाडीत एकच टीव्ही होता तेव्हा रविवारी सकाळी सगळी पोरं त्या घराच्या पडवीत दाटीवाटीने बसायची आणि गगनधीर आभाळातून उतरला की एकच ओरडा व्हायचा. त्याचा बाहुला मात्र वाडीत एकट्या रघूकडे होता. मुंबईला जाताना त्याने तो बरोबर नेला आणि गेल्या शिमग्याला परत आणून सुहासच्या हातात दिला. आईच्या हाती जायच्या आधीच तो कपाटात गेला.

"वयनी, रत्नागिरीत अनिल म्हणून एक जण आहेत, जुन्या खेळण्यांचे जाणकार," सुहास म्हणाला. "प्रदर्शन भरवतायत. अस्सल असेल तर काचेत ठेवणार, खाली नावाची पाटी. मी दादाचं नाव लावणार आहे. गणपतीला आला की नेऊन दाखवायचं, आधी सांगायचं नाय." सांगताना त्याचा चेहरा शाळकरी पोरासारखा झाला होता. "पण ते विचारतात, रंग मूळचा आहे का? रंगातलं तुझ्याएवढं कुणाला कळतंय? जरा बघून ठेव. मी उद्या येतो."

दमयंतीने बघितला. रंग मूळचाच होता, यात तिला शंका नव्हती. सांध्यांत साचलेल्या मळाखालीसुद्धा तोच निळा. पण डावा डोळा पार फिकट झालेला. आणि उजव्या टाचेला खळगे, उंदराने कुरतडल्यासारखे. तिने तो फळीवर ठेवला आणि आपल्या कामाला लागली. पण फळीवरून तो एका डोळ्याने तिच्याकडे बघत राहिला. शेवटी तिच्याने राहवेना. हात शिवशिवले. चिमूटभर लांबी, म्हणजे टवके भरायचा लगदा, घेऊन तिने टाच भरली, वाळल्यावर रंग जुळवून लावला, आणि डाव्या डोळ्यावर अशी बारीक रेघ फिरवली की मूळ कुठली आणि तिची कुठली हे तिचं तिलाही सांगता येईना. सुहास खूश होईल, एवढंच तिच्या मनात होतं. थोडा आपल्या हाताचा तोराही होता. तो तिने नंतर स्वतःच कबूल केला.

दुसऱ्या दिवशी सुहास आला. मूर्ती बघायला आलेली चार माणसं शाळेत होती. त्याने बाहुला हातात घेतला आणि हरखलाच. "अगो वयनी, घरच्या अंधारात हा डोळा दिसतच नव्हता मना!" मग एकदम धास्तावून म्हणाला, "रंगबिंग नाय ना लावलास? ते म्हणतात, नवा रंग एक थेंब जरी लागला तरी गेलाच समज."

दमयंतीने तेव्हाच सांगितलं असतं तर फार तर सुहास हळहळला असता. पण समोर माणसं, मागे सासरे, आणि इतक्या वर्षांची ती सवय, भरलेल्या टवक्याबद्दल बोलायचं नसतं. तिच्या तोंडून निघून गेलं, "मी कशाला हात लावतेय? धूळ पुसली नुसती. रंग मूळचाच हाय."

तो आनंदाने गेला. तिला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

रत्नागिरीत काय झालं ते सुहासने मागाहून सांगितलं. अनिलनी बाहुला फिरवून फिरवून बघितला. पाठीवरचा छाप बरोबर, सांधे बरोबर, गरुडाचा एक पंख झिजलेला, तोही वयाला शोभेल असाच. मान डोलवत होते. मग त्यांनी खोलीत अंधार केला आणि जांभळ्या उजेडाची बॅटरी लावली. त्या उजेडात डावा डोळा आणि उजवी टाच अंगापेक्षा निराळी दिसायला लागली.

"हे आता केलेलं आहे," ते म्हणाले. "दोन मोडक्यांचा एक करून खपवतात पुष्कळ. तुमच्याकडे कुठून आला?"

"भावाकडून."

"मधे कुणी रंगवला?"

"नाय. आमच्या वयनीने बघितलाय. ती हात लावला नाय म्हणाली म्हणजे नाय लावला."

"मग भावाला विचारा," असं म्हणून त्यांनी बाहुला परत दिला.

घरी येऊन सुहासने तो आईच्या हातात ठेवला. सुंदराबाई डोळ्यांनी गेली तरी अंगठ्याने घरातलं सगळं वाचते. तिचा अंगठा सरळ टाचेवर गेला. तिथे गुळगुळीत. दुसरी टाच, तीही गुळगुळीत.

"ह्यो आपला नव्हं रे," ती म्हणाली. "आपल्याच्या टाचेला तुजे दात होते. दुधाचे दात येत होते तुला, तवा चावलंस. रघू केवढा रडला होता!"

झालं. सुहासने तिथल्या तिथे फोन लावला. खरा गगनधीर कुठे विकलास, असं विचारलं. आंधळ्या आईच्या घरात खोटा आणून ठेवताना लाज नाही वाटली का, असंही विचारलं. वाडीत बाजूची घरं काही लांब नसतात. आम्ही ऐकलं, आणि ऐकलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं. रघू एवढंच म्हणाला, "यंदा गणपतीला माझी वाट बघू नका."

दोन दिवसांनी सुहास शाळेत आला. गोताडांचा गणपती पाटावर उभा होता, फक्त डोळे राहिले होते. "बाबाजी, दादा यायचा नाय," तो म्हणाला. "मूर्ती न्यायला माझ्याबरोबर कुणीतरी द्या." मग सगळी हकीकत सांगून दमयंतीकडे वळला. "वयनी, तुला उगाच तसदी दिली. तो माणूस तुझ्यावर पण संशय घेत होता, पण मी ऐकून घेतलं नाय."

सख्ख्या भावाला चोर म्हणणारा हा माणूस आपल्या शब्दाखातर परक्याशी भांडून आला, हे ऐकून तिला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. आणि तरीही तिने तोंडात मिठाची गुळणी धरली. खोटं एकदा घाईत बोललं जातं, त्याला माफी असेल. पण त्या दिवशी तिला पुरती सवड होती आणि ती गप्प बसली. मला तिची कीव येते, तरी हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

मग मात्र तिचा हात चालेना. बाकीच्या मूर्ती एकेक करून डोळे उघडत होत्या. गोताडांची तेवढी रांगेच्या टोकाला तशीच. ब्रश घेऊन समोर बसायची आणि उठायची. आधी सांध्याचा रंग वाळला नाही म्हणाली, मग डोकं दुखतंय म्हणाली. बाबाजी म्हातारे झाले तरी खुळे नाहीत. त्यांनी रंगाची वाटी तिच्या पुढ्यातून उचलली आणि विचारलं, "काय झालंय?" तिने रडत रडत सगळं सांगितलं.

बाबाजींनी वाटी खाली ठेवली. मग म्हणाले, "आपण गणपतीचा टवका भरतो, तो गणपती आपल्या हातचा असतो म्हणून. हा त्यांच्या घरचा होता गो. लांबी तू भरलंस, काढायची पण तूच."

दमयंती कोरणी पदराखाली घेऊन गोताडांकडे गेली. सुंदराबाई पडवीत बसली होती, सुहास कामावर निघत होता. तिने पायरीवरूनच सांगितलं. बसलीसुद्धा नाही. "टाच मी भरलंय, काकी. डोळा पण माझा. रघूभावजींनी काय पण केलं नाय. मी खोटं बोलले."

सुहासने बाहुला गोठ्यातल्या कोनाड्यात फेकला होता. तो आणून त्याने तिच्या हातात दिला. तिने पडवीतच बसून लांबी खरवडली. बरोबर थोडा जुना रंगही निघाला, त्याला इलाज नव्हता. मग तिने तो म्हातारीच्या हातात ठेवला. अंगठा टाचेवर गेला आणि तिथेच थांबला.

"हायत," सुंदराबाई म्हणाली. "हे बग सुहास, तुजे दात."

सुहासने पुढे होऊन त्या खळग्यांवर बोट फिरवलं. दमयंतीला वाटलं तो शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला, "वयनी, मी दादाला काय काय बोललो गो."

तिथूनच तिने रघूला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. "तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत, वयनी," तो म्हणाला. "तुमच्यावर राग नाय माझा. पण सुहासने विचारलं नाय हो, सरळ चोरच म्हटला. तुम्ही सांगितलं नसतंत तर तसंच समजत राहिला असता ना?" फोन ठेवल्यावर सुहासकडे बघायचंही तिला धाडस झालं नाही.

त्या संध्याकाळी तिने गोताडांच्या गणपतीचे डोळे आखले. चतुर्थीच्या आदल्या दिवशी सुहास एकटाच मूर्ती न्यायला आला. माझ्यासारखे दोघेचौघे मदतीला उभे होतो. तेवढ्यात रघू एसटीतून उतरून थेट शाळेतच आला, खांद्यावर बॅग तशीच. ती त्याने खाली ठेवली आणि पाटाची एक बाजू धरली. दुसरी सुहासने धरली.

दरवर्षी दमयंती घरोघर जाऊन आपण आखलेले डोळे आरतीच्या उजेडात बघून येते. यंदा गोताडांचं घर तिने टाळलं. रघू त्या गगनधीरला गणपतीशेजारी ठेवून आला-गेल्याला दाखवतोय आणि सगळे त्या बाहुल्याच्या, तिनेच आखलेल्या डोळ्याचं कौतुक करतायत, हे ऐकल्यावर तर तिची तिथे जायची छातीच होईना. शेवटी सुंदराबाईनेच निरोप पाठवला.

ती गेली तेव्हा आरती चालू होती. रघू आरती धरून होता, सुहास झांज वाजवत होता. म्हातारीने चाचपडत दमयंतीचा हात धरला आणि तिला जवळ ओढलं.

"दोघं बोलतात गो," ती कानाशी लागून म्हणाली. "वाढ म्हणतो, घे म्हणतो. कानाला सगळं बरं लागतंय. पण मना दिसत नाय. तुज्याएवढी डोळ्यांची पारख कुणाला नाय. बगून सांग, एकमेकांकडं बगतात काय?"

दमयंतीने बघितलं. आरती फिरत होती, दोघांच्या तोंडावर उजेड येत होता. रघू मूर्तीकडे बघत होता. सुहास रघूकडे बघत होता, आणि रघूची मान जरा वळली की झांजेकडे बघायला लागत होता.

"खरं सांग हां," सुंदराबाई म्हणाली.

व्हय म्हणणं किती सोपं होतं. म्हातारीला त्या रात्री सुखाची झोप लागली असती.

"नाय काकी," दमयंती म्हणाली. "सुहास बगतोय. रघूभावजी नाय. अजून नाय."

सुंदराबाईने मान हलवली. हात मात्र सोडला नाही. आरती संपेपर्यंत तो तिने तसाच धरून ठेवला.