विठोजींनी बंद केलेलं चॅनेल

विठोजीराव चव्हाणांच्या उजव्या हाताला शेवटी तीनच बोटं उरली होती. त्या तीन बोटांनी ते यंत्राचा स्क्रू इतक्या हळुवारपणे फिरवत, की तबला सुरात आणण्यासाठी गट्ट्यावर हातोडी टेकवणाऱ्या जुन्या तबलजीची आठवण व्हावी. पुढे, नव्व्याण्णव साली, केबलच्याच तारेतून घरोघरी इंटरनेट देणारी कंपनी आली, तेव्हा तिनंही आपल्या पेट्यांवर नजर ठेवायला यांनाच बसवलं. पण ही गोष्ट गेलेल्या दोन बोटांची आहे. ती बसवनगुडीत, भर दुपारी, निम्म्या वस्तीच्या डोळ्यांदेखत गेली.

माणूस दिसायला अगदी विंगेतला. ठेंगणा, सावळा, अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला टेस्टर. घराणं तीनशे वर्षांपूर्वी मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे कानडी मुलखात आलेलं. तलवार कधीच गंजून गेली. मराठी तेवढी घरात टिकली, तीसुद्धा कानडीतलं ‘स्वल्प’, म्हणजे थोडं, आणि ‘सरी’, म्हणजे बरं, घातल्याशिवाय वाक्य पुरं न करणारी. तरुणपणी ते रेडिओ दुरुस्त करत. ब्याण्णव साली त्यांनी आणि सयाजी मोहित्यानं मिळून एका गच्चीवर डिश उभी केली आणि गल्लीतल्या घरांना केबल दिली.

दोघांची जोडी म्हणजे गायक आणि साथीदार. सयाजी बाहेरचा गडी. झाडांवरून, गच्च्यांवरून, खांबांवरून तार ओढावी ती त्यानंच, माकडासारखं चढून. विठोजी आतला. डिशवरून आलेलं प्रत्येक चॅनेल एका पेटीत उतरवायचं, दुसऱ्या पेटीतून त्याला त्याची जागा नेमून द्यायची, मग सगळ्यांना एका जाड तारेत बसवून गावात सोडायचं, हे त्यांचं काम. विठोजींची आई लहानपणीच गेलेली. दुपारचं जेवण सयाजीच्या घरी, त्याच्या आईच्या, कस्तुराबाईंच्या हातचं. बाई विधवा, करारी. दोघांना एकाच ताटात वाढायच्या, आणि विठोजी त्यांना काकी म्हणायचे.

कंट्रोल रूम पहिल्या मजल्यावर होती. समोरच्या भिंतीवर छोटे टीव्ही ओळीनं मांडलेले, एकेका चॅनेलला एकेक. विठोजी त्यांच्यासमोर बसून राहत. चित्रात पांढऱ्या मुंग्या दिसल्या की वाऱ्यानं डिश हलली. तिरक्या रेघा आल्या की दोन चॅनेलं एकमेकांना खेटताहेत. जाड पट्टा खालून वर सरकू लागला की कुठंतरी अर्थिंग सुटलंय. घरातल्या माणसाला कळायच्या आत ते उठून दुरुस्त करत. यंत्रं मात्र त्या भिंतीवर नव्हती. ती खोलीच्या मागच्या बाजूला, लोखंडी मांडणीत, धूळ बसू नये म्हणून जुन्या साडीच्या पडद्याआड होती. विठोजी त्या पडद्याला देवघराचा मान देत.

केबलवाल्यांचं एक ठरलेलं वाक्य असतं. चित्र गेलं, कुणी फोन केला, की म्हणायचं, “वरूनच गेलंय.” वरून म्हणजे कुठून हे विचारायची कुणाची छाती नसते. विठोजींनी हे वाक्य कधी उच्चारलं नाही. चूक आपली असेल तर आपली म्हणायचं आणि शिडी घेऊन निघायचं. खोलीतला दुसरा नियम फोनचा होता. घंटा वाजली की जो जवळ असेल त्यानं हातातलं टाकून उचलायचा.

पंचाण्णव साली बनशंकरीच्या एका बड्या केबलवाल्यानं छोट्यांना गिळायला सुरुवात केली. सयाजी त्याच्याकडे गेला. जाताना विठोजींना सांगून गेला की तुझी तार आमच्या तारेला जोड आणि ही खोली बंद कर. विठोजींनी नकार दिला. खोली बंद म्हणजे त्यांचं स्वतःचं चॅनेलही बंद. त्या चॅनेलवर गल्लीतली लग्नं दिसत, शाळेची संमेलनं दिसत, आणि दर शनिवारी दुपारी मराठी बायकांचा कार्यक्रम. तिथं मी, नाटक कंपनीत आयुष्य काढलेली म्हातारी, नाट्यपदं म्हणायची आणि बायका फोनवरून फर्माइश करायच्या. तेवढा एक तास या शहरात मराठी टीव्हीतून बोलायची. तो तास आणि ती खोली राहते की जाते, एवढाच तंटा होता.

मग मार सुरू झाला. आधी तारा कापल्या. विठोजींचा लाइनमन गुंडो, हसतमुख पोरगेला बाप्या, शिडीवर असताना खालून शिडी ओढली आणि पडल्यावर लोखंडी गजानं त्याचा गुडघा फोडला. गुडघा फुटल्याचा आवाज समोरच्या इडलीवाल्यानं ऐकला. तो म्हणाला, नारळ फोडल्यासारखा. पुढच्या आठवड्यात त्याहून वाईट झालं. खांबांवर चित्राचा जोर वाढवणारे बूस्टर असतात, त्यांना तारेतूनच थोडी वीज जाते. सयाजीच्या माणसांनी त्याच तारेत रस्त्यावरची भरदार वीज सोडली. बूस्टर फटाक्यांसारखे फुटले. घरोघर टीव्हीतून धूर निघाला. अहल्याबाई म्हणून शिक्षिका होत्या, त्या घाबरून तार उपटायला गेल्या. तळहात भाजून कातडं तारेलाच चिकटून राहिलं.

चौकीवरून हवालदार आला. कॉफी प्याला, सगळं ऐकून घेतलं आणि जाताना म्हणाला, आमच्या घरी सिनेमाच्या चॅनेलला स्वल्प मुंग्या येतात, बघा जरा. विठोजी त्याच संध्याकाळी जाऊन बघून आले.

कार्तिकातली शेंगांची जत्रा भरली होती. नंदीच्या देवळाचा सगळा रस्ता शेंगवाल्यांनी व्यापलेला, पायांखाली टरफलं कुरकुरत होती. शनिवार होता. मी कॅमेऱ्यासमोर खुर्चीत बसले होते, बाजूलाच विठोजींचं टेबल आणि फोन. कॅमेरा तिपाईवर. त्याच्यावरचा छोटा लाल दिवा पेटला की गाणाऱ्या बायका त्याच्याकडेच बघत बसत आणि शब्द विसरत, म्हणून विठोजींनी त्यावर काळी टेप लावून टाकली होती. कॅमेरा चालू आहे की नाही हे भिंतीवरच्या टीव्हीकडे बघूनच कळायचं.

माझं दुसरं कडवं चाललं होतं. दार लाथेनं उघडलं.

सयाजी पुढे होता, मागे यशवंतपूरकडून भाड्यानं आणलेली चार माणसं. सयाजीच्या अंगात कडक इस्त्रीचा फिका निळा शर्ट आणि हातात लाँग. इकडचे रौडी, म्हणजे गुंड, लांब पात्याच्या कोयत्याला लाँग म्हणतात. मी आयुष्यभर लाकडी तलवारी पाहिलेली बाई. खऱ्या पात्याला वास असतो हे मला तेव्हा कळलं, तेलाचा आणि लोखंडाचा.

भाड्याच्या माणसांना कंट्रोल रूम म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. त्यांना समोर टीव्हींची भिंत दिसली. त्यांना वाटलं, चॅनेलं ह्यांतच आहेत. त्यांनी गज चालवले. काचा फुटल्या, एकेक चित्र मोठा आवाज करून विझलं. ज्या टीव्हीवर त्यांना स्वतःची तोंडं दिसली असती, तोही फुटला. मागे साडीच्या पडद्याआड यंत्रं मंद गुणगुणत होती, आणि सगळी चॅनेलं आपापल्या जागी बसून गावात चालली होती. माझ्यासमोरचा कॅमेराही.

सयाजीला हे कळायला हवं होतं. पण तो बाहेरचा गडी, आणि त्याचं लक्ष भिंतीकडे नव्हतं. त्यानं विठोजींचे केस धरून डोकं टेबलावर आपटलं. नाकातून रक्ताची चिळकांडी उडाली, निळ्या शर्टावर पसरली. मग उजवा हात टेबलावर सपाट धरून वर गुडघा दाबला. मी उठले, तर एकानं मला खांदा धरून परत बसवलं. मला ‘आजी’ म्हणाला, आणि अदबीनं म्हणाला.

“अण्णा, चावी दे,” सयाजी म्हणाला. “सुम्ने, उगाच कशाला हात घालवून घेतोस?”

“तार तू ओढलीस. हवी तर घेऊन जा. खोली माझी आहे.”

“खोलीत काय आहे? खोली तुझ्या हातात आहे. हात गेला की खोली गेली.”

विठोजींचा गाल टेबलावर, डोळे पडद्याकडे. सयाजीनं लाँग उचलला.

आणि फोन वाजला.

माझ्या गाण्याच्या वेळेला तो वाजायचाच. फोन सयाजीच्या कोपराशी होता. जुनी सवय हाडात मुरलेली असते. त्यानं लाँग खाली टेकवला आणि डाव्या हातानं रिसीव्हर उचलला. पलीकडचा आवाज करारी होता, मला खुर्चीत ऐकू आला.

“सयाजी, तो शर्ट मी सकाळी इस्त्री करून दिला होता. त्यावर रक्त कुणाचं आहे?”

“आई, कुठून बोलतेस तू?”

“घरातून. टीव्हीसमोर बसलेय. विठोजीचा हात सोड. सगळी गल्ली बघतेय तुला.”

त्यानं फुटलेल्या भिंतीकडे पाहिलं. मग पडद्याकडे. मग वळून सरळ कॅमेऱ्यात. नटाला प्रेक्षागृहाचा अंधार एकदम उजळून दिसावा, तसं झालं त्याला. मला वाटलं, आता हा लाँग टाकणार. रंगभूमीवर असता तर टाकलाच असता. पण लाज ही राग होऊन बाहेर पडते, हे नाटकं लिहिणारे विसरतात. त्याच्या तोंडून एक घोगरा आवाज निघाला आणि लाँग खाली आला. विठोजींनी हात ओढला होता, म्हणून मनगट वाचलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट टेबलावर राहिलं. रिसीव्हर तारेला लोंबकळत होता, त्यातून कस्तुराबाई मुलाचं नाव घेत होत्या.

मग जिना दणाणला.

टीव्ही बघणारे आले, जत्रेतले शेंगवाले आले, खालच्या सायकलवाल्याचे कामगार आले, हातात चेन घेऊन. भाड्याची माणसं गॅलरीतून उड्या टाकून पळाली. एकाचा पाय खाली मुडपल्याचा आवाज आला. सयाजी एकटा सापडला. गेल्या काही महिन्यांचं सगळं त्याच्या अंगावर आलं. गुंडोचा गुडघा, अहल्याबाईंचा तळहात, जळलेले टीव्ही. त्याला चेननं मारलं, स्टुलानं मारलं, त्यानंच आणलेल्या गजानं मारलं. तो पडल्यावर त्याच्या हातावर उभं राहून मारलं. एक बाई चप्पल हातात घेऊन वाट बघत होती, आपली पाळी कधी येते त्याची. माणसं हसत होती, हे मी विसरू शकत नाही. त्याच्या एका डोळ्याची जागा लाल झाली आणि ती तशीच राहिली, तो डोळा कायमचा गेला.

विठोजी टेबलाखाली पडले होते. मी माझा पदर फाडून त्यांच्या हाताला बांधायला गेले. त्यांनी मला बाजूला सारलं आणि गुडघ्यांवर रांगत निघाले. मला वाटलं बोटं शोधताहेत. पण ते माणसांच्या पायांतून, काचांवरून, साडीच्या पडद्यापाशी गेले. मागून एक लाथ चुकून त्यांच्या बरगडीत बसली, तरी थांबले नाहीत. पडदा बाजूला केला. मांडणीत हात घालून अचूक आमच्याच चॅनेलची तार धरली. आख्ख्या हयातीत ज्यांनी आपल्या हातानं एक चित्र जाऊ दिलं नव्हतं, त्यांनी ती तार उपटली.

“काकी बघत असतील,” एवढंच ते म्हणाले. मग सयाजीच्या अंगावर आडवे पडले. त्यांच्या पाठीवरही दोनचार बसले. मग मारणाऱ्यांना कळलं आपण कुणाला मारतोय, आणि एकेक जण हातातलं टाकून जिना उतरू लागला.

इस्पितळात दोघांच्या खाटा एकाच दालनात होत्या. सयाजीच्या खाटेपाशी पोलीस. बोटं जोडता आली नाहीत. कोणीतरी ती जत्रेच्या शेंगांच्या कागदी पुडीत घालून आणली होती, पण उशीर झाला होता. सयाजीनं सात दिवस कुणाकडे तोंड केलं नाही. नंतर तो तुरुंगात गेला, सुटला, मैसूरकडे निघून गेला. त्या बड्या केबलवाल्यानं पुन्हा कधी बसवनगुडीकडे माणूस पाठवला नाही. विठोजींनी खोलीतल्या काचा स्वतः झाडल्या आणि पुढच्या शनिवारी मला पुन्हा खुर्चीत बसवलं. टीव्हींच्या जागी भिंतीवर फक्त चौकोनी डाग होते.

पण मला आठवते ती इस्पितळातली पहिली संध्याकाळ. कस्तुराबाई आल्या. आधी मुलाच्या खाटेकडे गेल्या, त्याच्या बांधलेल्या डोळ्याकडे बघत उभ्या राहिल्या, त्याला हात लावला नाही. मग विठोजींपाशी आल्या. डब्यातून मऊ भात आणला होता, तो कालवून त्यांनी विठोजींना घास भरवला. डाव्या हातानं जेवायची अजून सवय नव्हती. पुढचा घास कालवत त्यांनी विचारलं. आवाज फोनवरचा नव्हता, म्हाताऱ्या बाईचा होता.

“विठोजी, त्यानं तुझा हात तोडला तिथपर्यंत मी पाहिलं. मग नुसत्या माणसांच्या पाठी, आणि मग काळं झालं. पुढे काय झालं रे?”

शेजारच्या खाटेवर सयाजी भिंतीकडे तोंड करून पडला होता, पण जागा होता. विठोजींनी घास गिळला. तोंड पुसायला उजवा हात उचलला, पट्टी बघून खाली ठेवला.

“ठाऊक नाही, काकी,” ते म्हणाले. “वरूनच गेलं होतं.”