गोलूत मांडलेली शाळा

कुंभकोणमच्या ठाण्यात मी सब-इन्स्पेक्टर असतानाची एक तक्रार आठवली, की आजही आधी हसू येते आणि मग हात आपोआप जोडले जातात.

स्वातंत्र्याला काही वर्षे झाली होती. नवरात्र चालू होते. तिरुभुवनम्‌जवळच्या विणकरवस्तीतले एक गुरुजी ठाण्यात आले, मागे त्यांच्या शाळेच्या चार-पाच मुली. शाळांची स्पर्धा लागली होती. मुलांनी आणि शिक्षकांनी मिळून आपली शाळा कशी सुधारायची याचा नमुना करायचा. परीक्षकांना पटेल त्या शाळेला निधी. यांच्या शाळेवर झावळ्यांचे छप्पर. पाऊस आला की वर्ग सुटे. मुलींनी भाजक्या मातीची कौलारू शाळा घडवून बैलगाडीने कुंभकोणमच्या सभागृहाकडे पाठवली होती. ती पोचलीच नाही, आणि परीक्षण दुसऱ्या दिवशी! दुसऱ्या शाळेनेच पळवली, असे मुली रडत सांगत होत्या.

तक्रार नोंदवून गाडीवानाला बोलावले. खोटे बोलणारा माणूस विचारण्याआधीच तपशील पुरवतो. हा बापडा उलटसुलट विचारूनही एवढेच म्हणे, "सगळा माल पोचवला, सार." माझा त्याच्यावर विश्वास बसत चालला होता, आणि तपास तिथेच अडला होता.

दुपारी जेवायला घरी गेलो. आमचे घर तंजावरी मराठी. पत्नी पलीकडच्या आळीत वकिलांकडे गोलू पाहून आली होती. नवरात्रात आमच्याकडे घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, तो गोलू. वाढता वाढता ती म्हणाली, "वकिलीणबाईंनीं अवंदा शाळा मांडिलीय. कौलांची. केवढी सुरेख!"

मी अर्ध्या ताटावरून उठलो. ठाण्यात गाडीवानाला विचारले, "वकिलांकडे काय उतरवलेस?"

"गोलूचे सामान, सार. मातीचे होते ते सगळे."

पंचनाम्यासाठी दोन पंच, एक हवालदार, गुरुजी आणि मुली यांना घेऊन मी वकिलांकडे गेलो. वकील बाहेरगावी होते. बाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"लेकीनें तंजावराहून पाठविली, असें समजलें हो मी. पण एकदां देवीपुढें मांडिलें, तें विजयादशमीआधीं हलवितां यायचें नाहीं."

पंच हात जोडून मागे सरले. हवालदार छताकडे पाहू लागला. जप्तीचा अधिकार माझ्याकडे होता आणि तो वापरायचे मी ठरवले होते. पण गुरुजींनीच अडवले. "नको, सार. सरस्वतीपुढून ओढून नेलेली शाळा आम्हांला नको." मुली मात्र माना खाली घालून उभ्या होत्या. त्यांचे छप्पर डोळ्यांदेखत जात होते.

बाईंनी त्यांच्याकडे एकवार पाहिले. "परीक्षक कोण तो? त्याला गोलू पाहायला नको कां?" म्हणत त्यांनी कुंकवाचा करंडा उचलला आणि झटका, म्हणजे आमच्याकडची घोडागाडी, मागवला.

परीक्षक म्हणजे नियमांवर बोट ठेवणारा माणूस. माझे त्यांनी ऐकलेच नसते. पण सवाष्ण करंडा घेऊन गोलूचे बोलावणे करायला दारी आली, तर आमच्याकडे कोणी नाही म्हणत नाही. तेही म्हणू शकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सगळे परीक्षक मंडळ वकिलांच्या घरी जमिनीवर मांडी घालून बसले. पुढ्यात हरभऱ्याच्या उसळीचे द्रोण. मुख्य परीक्षकांनी विचारले, "कौलांवरचे पाणी जाणार कुठे?" मुलींतली सर्वांत धाकटी चाचरली. तिने बाईंकडे पाहिले. बाईंनी तांब्या भरून तिच्या हाती दिला. तिने कौलांवर धार धरली. पाणी पन्हळीतून घसरत देवीच्या पायांशी असलेल्या चिमुकल्या विहिरीत पडले. परीक्षक गुडघ्यांवर सरकत पुढे आले.

"पुन्हा ओत," ते म्हणाले.

निधी त्याच शाळेला मिळाला. तक्रार गैरसमजातून झाल्याचे लिहून मी प्रकरण बंद केले. नोकरीत पुष्कळ माल जप्त केला. हा एकच जागच्या जागी सोडून आलो. त्या दिवशी दांडगाई केली असती तर मातीची शाळा हाती आली असती आणि खरी गेली असती. मला थांबवणाऱ्या गुरुजींचा आणि त्या बाईंचा मी आजही ऋणी आहे. मोकळ्या मनाने विचारले, की माणसे आपणहून वाट काढून देतात, हे मी तिथे शिकलो.

पुढे बदली झाली, तेव्हा निरोप घ्यायला त्या शाळेत गेलो. बाहेर धो धो पाऊस कोसळत होता आणि आत मुली पाढे म्हणत होत्या. माझ्याकडे कोणाचे लक्षही गेले नाही. फार बरे वाटले.