मामा पुरावा मागतात

माझ्या बायकोच्या मामांना भेटून एकही धक्का न खाता परत आलेला माणूस अख्ख्या कुंभकोणममध्ये सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो ठार बहिरा असला पाहिजे. मी मूळचा सांगलीचा, बँकेत नोकरीला. लग्नानंतर लवकरच बदली होऊन सासुरवाडीच्या गावी आलो तेव्हा वाटलं होतं, देवळं बघू, दोन वेळा फक्कड कॉफी पिऊ, सुखात राहू. पहिल्या भेटीत काहीतरी बरं बोलावं म्हणून मी मामांना म्हणालो, "तुमचं गाव फार सुंदर आहे हो." मामांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कोठें?" मला प्रश्नच कळेना. "कोठें सुंदर दिसलें तें सांगा. उगें बोलूं नका, जावईबापू." मी आदल्या रात्री आलो होतो. स्टेशन आणि सासऱ्यांची बैठकीची खोली यापलीकडे मी गाव पाहिलंच नव्हतं. ते मी कबूल केलं, तेव्हा कुठे मामा प्रसन्न झाले आणि मला कॉफी मिळाली. मराठ्यांच्या राज्यात इकडे येऊन राहिलेल्या घरांतली ही मामांची जुनी मराठी. घराबाहेर पाऊल टाकलं की सगळे तमिळ बोलतात. बखरीतला माणूस उठून आपल्यालाच फैलावर घेतोय असं मला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं.

मामा ब्रह्मचारी, शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. बारावीच्या मुलांच्या शिकवण्या म्हणजे गणित आणि रसायनशास्त्र, असं सगळं गाव धरून चालतं. अशा गावात मामा साहित्याचा वरच्या पातळीचा अभ्यासक्रम घेतलेल्या मुलांना गोष्टीवर, कवितेवर निबंध कसा लिहावा ते शिकवतात. तेही व्हरांड्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. निबंध ते स्वतः कधी वाचत नाहीत. मुलानं उभं राहून वाचायचा आणि मामांनी हातात देवघरातली घंटा घेऊन ऐकायचा. गोष्टीत ज्याला आधार नाही असं वाक्य आलं, की टण्! "लेखकाला येथे जीवनाची क्षणभंगुरता दाखवायची आहे," टण्! "लेखक तुझ्या कानात सांगून गेला का? ओळ दाखव." ओळ सापडली की पुढचा प्रश्न, हाच शब्द का, दुसरा का नाही. ते सांगता आलं की मामा म्हणणार, "आता याच्या उलट बाजूनं भांड." साक्कोट्टैहून सायकलवर येणाऱ्या एका मुलाच्या निबंधाला इतकी घंटा वाजली की माडीवरच्या भाडेकरूबाई तीर्थाला भांडं घेऊन खाली आल्या. मामांनी त्यांना बसवून घेतलं आणि उरलेला निबंध ऐकवला. बाई घाबरून ऐकत होत्या. मला वाटलं, आता हा मुलगा पुन्हा यायचा नाही. दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी हजर, आणि पहिला परिच्छेद त्यानं स्वतःच फाडून टाकलेला.

एकदा मामा या मुलांना जवळच्या तिरुवलंचुळीच्या देवळात घेऊन गेले, सोबत मीही होतो. तिथल्या शुभ्र विनायकाचं दर्शन घेऊन बाहेर आल्यावर एकेकाला विचारलं, काय पाहिलंस? सगळे म्हणाले, "देव पाहिला." मामा म्हणाले, "देव सगळ्यांनाच दिसतो. त्याच्यासमोरच्या दगडी जाळीत काय पाहिलंस?" आणि सगळ्यांना परत आत पाठवलं. देवळातला गुरुजी माझ्याकडे बघत होता. मी खांबाकडे बघत होतो.

पण माझी खरी गाळण उडाली ती पट्टीश्वरमला, एका नातेवाइकाच्या तेराव्याला. मयताचा मुलगा डोळे पुसत म्हणाला, "अप्पा अगदी देवमाणूस होते." मी मनात म्हटलं, मामा, आज नको. तोवर मामा बोललेच, "प्रसंग सांग." माझ्या बायकोनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. तो मुलगा बिचारा भांबावला, मग हळूहळू सांगू लागला, की अप्पा बाजारातून येताना सगळ्यात किडकी वांगी मुद्दाम घेऊन यायचे, कारण ती तिथल्या एका भाजीवाल्या म्हातारीची उरलेली असायची. त्यावर धाकट्या बहिणीला काही आठवलं, मग शेजाऱ्याला. जेवणाची पानं थंड झाली तरी कुणी उठेना. परत येताना मामा मला म्हणाले, "आतां कळलें न, माणूस चोक्कट होता." चोक्कट म्हणजे त्यांच्याकडचं 'छान'.

पुढे बारावीला आलेली माझी मुलगी मी याच माणसाच्या हाती शिकायला दिली. मैथिलीला चेन्नईच्या एका कॉलेजात साहित्यच शिकायचं होतं, आणि अर्जासोबत एका कथेवरचा निबंध पाठवायचा होता. सगळी निवड त्या निबंधावर. कथा मामांच्या हातखंड्यातली. एका बाईचा नवरा समुद्रावर गेला तो परतलाच नाही. ती रोज संध्याकाळी खिडकीत दिवा लावते, आणि शेवटच्या संध्याकाळी लावत नाही. मामांनी पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं होतं, दिवा लागला नाही म्हणजे आशा विझली. हा अर्थ लिहून मुलांनी भरघोस मार्क मिळवले होते.

मैथिली निबंध वाचायला उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, आशा विझली असं मला वाटत नाही. अख्ख्या गोष्टीत ती उभ्यानं जेवते, एक कान दाराकडे ठेवून. त्या संध्याकाळी ती बसते आणि दुसऱ्यांदा सूप वाढून घेते. ही बघा ओळ. ती सुटली, आजोबा."

मामांनी पुस्तक ओढून घेतलं. ती ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि आत जाऊन दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी शिकवणी बंद, तिसऱ्या दिवशीही बंद. अर्जाची मुदत जवळ येत चाललेली. मी मैथिलीला म्हणालो, "त्यांचंच लिही ना बाई, मार्क मिळतात त्याला." तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी वर्तमानपत्र उघडलं. शेवटी मीच माफी मागायला मामांकडे गेलो.

मामा व्हरांड्यात फोन मांडीवर घेऊन बसले होते. स्पीकर चालू, पलीकडे कोइमतूरचा कोणी डॉक्टर. "मी तुला ती दिव्याची गोष्ट चुकीची शिकवली," मामा तमिळमध्ये ओरडत होते, "दुरुस्त करून घे!" डॉक्टर म्हणाला, "सर, कुठली गोष्ट? पेशंट बसलेत." मी तिथल्या तिथे खाली बसलो. मामा सापडतील तेवढ्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठत होते. एक पोलीस अधिकारी तर सरांच्या घरचं कुणी गेलं असं समजून रडायला लागला होता. "मामा, आणि मैथिलीचं?" मी विचारलं. "तिचें बरोबर अहे. तिचें ती पाठवील. माझें चुकलें तें कोण निस्तरणार?" मैथिलीनं स्वतःचंच पाठवलं आणि तिला प्रवेशही मिळाला, पण ते पुढे.

त्या दुपारी माझ्यादेखत शेवटचा फोन लागला तो तिरुचीच्या एका जुन्या विद्यार्थिनीला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि हसत म्हणाली, "सर, सूपचं मी वर्गात म्हणाले होते. तुम्ही म्हणालात, खाली बस."

मामांचा चेहरा पार उतरला. "मग तू काय लिहिलंस?"

"तुम्ही सांगितलेलं. छान मार्क पडले, सर. अजून घरात सांगते मी."

"आणि तुझं? तू पुढे काय म्हणणार होतीस?"

"आता नाही आठवत, सर. किती वर्षं झाली. मुलाला शाळेतून आणायचंय."

"आण. आणलंस की आठवून बघ. आठवलं तर फोन कर."

ती बरं म्हणाली आणि फोन बंद झाला. मला फार वाईट वाटलं. ती फोन करणार नाही हे मला कळत होतं, आणि मामांनाही कळत असावं. आतून स्वयंपाकाच्या बाईनं पान वाढल्याचं सांगितलं. मी म्हणालो, "मामा, चला, जेवून घ्या."

मामांनी फोनवरची नजर काढली नाही. "तुम्ही जेवा, जावईबापू. तिचा फोन येईल तेव्हां माझ्या तोंडांत घास नको."